जोतीरावांची लेखणी



मराठीच्या तासाला फळ्यावर निबंधाचा विषय लिहिला, की वर्ग एकदम गप्प होतो. आपण घरी उर्दू बोलतो, शाळेत उर्दूतून शिकतो. मराठी लिहायला घेतली, की वेलांटी पहिली द्यावी की दुसरी, तो म्हणावे की ते, अशा शंका मनात येतात. उर्दूत नपुंसकलिंग नाही, त्यामुळे मराठीतले घर, पुस्तक, झाड हे शब्द आपल्याला हमखास अडवतात. मग आपण काय करतो? गाइडमधला उतारा पाठ करतो आणि तोच थोडा फिरवून उतरवतो. मुख्याध्यापकांना केलेला अर्ज आणि मावशीला लिहिलेले पत्र, दोन्ही एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसतात.

या अडचणीवर मी तुम्हांला नियमांची यादी देणार नाही. त्याऐवजी एका थोर माणसाचे चरित्र सांगणार आहे. महात्मा जोतीराव फुले यांचे नाव तुम्ही ऐकलेच आहे. मुलींसाठी शाळा काढणारे समाजसुधारक म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्यांनी नाटक, पोवाडा, संवाद, पत्र, निवेदन, निबंध आणि कविता असे अनेक प्रकारचे लेखन केले, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आज आपण त्यांच्या आयुष्याकडे त्यांच्या लेखणीच्या बाजूने पाहू.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. त्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. आडनाव गोऱ्हे. पुण्यात पेशव्यांच्या काळात या घराण्याने फुलांचा व्यवसाय केला, म्हणून लोक त्यांना फुले म्हणू लागले. जोतीराव अगदी तान्हे असताना त्यांची आई चिमणाबाई वारली. नात्यातील सगुणाबाईंनी त्यांना आईच्या मायेने वाढवले.

वडील गोविंदराव यांनी त्यांना शाळेत घातले खरे, पण माळ्याच्या मुलाने शिकून काय करायचे, असे त्या काळी पुष्कळांना वाटे. लोकांच्या बोलण्याला बळी पडून गोविंदरावांनी मुलाचे नाव शाळेतून काढले. हातातली पाटी गेली आणि खुरपे आले.

मित्रांनो, येथे जोतीरावांची गोष्ट संपली असती. पण त्यांच्या शेजारी गफ्फार बेग मुन्शी नावाचे उर्दू-फारसीचे शिक्षक राहत होते. या मुलाची बुद्धी त्यांनी ओळखली. त्यांनी आणि लिजिट नावाच्या एका ख्रिस्ती गृहस्थांनी गोविंदरावांची समजूत घातली. तेव्हा १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा दाखल झाले. ज्याच्याकडून अक्षरे एकदा हिरावून घेतली गेली, त्याला अक्षरांची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. जोतीरावांनी पुढे जे काही लिहिले, त्यामागे ही आठवण होती.

१८४८ साली जोतीरावांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. पत्नी सावित्रीबाईंना त्यांनी स्वतः शिकवले होते; त्या शाळेत शिकवू लागल्या. समाजाचा विरोध वाढला. गोविंदरावांवर दडपण आले आणि १८४९ साली या पतिपत्नींना घर सोडावे लागले. त्या वेळी उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला. त्याच घरातील फातिमा शेख सावित्रीबाईंच्या सहकारी झाल्या.

१८५६ साली सावित्रीबाई आजारी पडून माहेरी नायगावला गेल्या होत्या. तेथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र आजही वाचायला मिळते. त्यात प्रकृतीची खबर आहे, भावाशी झालेले बोलणे आहे. आपण नसल्यामुळे फातिमावर कामाचा भार पडत असेल, ही काळजीही आहे. घरच्या माणसाला लिहिलेल्या पत्रात हेच हवे असते. उर्दूत आपण ज्याला खत म्हणतो, त्याला मराठीत पत्र म्हणतात. मराठीत खत शेतात घालतात, हे लक्षात ठेवा! पत्र लिहिताना ते वाचणारा माणूस डोळ्यांसमोर आणावा, त्याला काय जाणून घ्यायचे असेल ते आधी सांगावे. मग शब्द शोधावे लागत नाहीत.

आता जोतीरावांच्या पहिल्या मोठ्या लेखनाकडे वळू. १८५५ साली त्यांनी तृतीय रत्न हे नाटक लिहिले. एक अडाणी कुणबी आणि त्याची गरोदर बायको यांना एक जोशी ग्रहांची भीती घालतो व त्यांच्याकडून पैसे उकळतो. नाटकात एक विदूषक आहे. तो मधूनमधून बोलतो आणि प्रेक्षकांना फसवणूक दाखवून देतो. शेवटी ते पतिपत्नी रात्रीच्या शाळेत शिकायला जाण्याचे ठरवतात.

जोतीरावांनी येथे नाटकच का निवडले असेल? विचार करा. ज्यांना शिक्षणाचे महत्त्व पटवायचे होते, त्यांना वाचता येत नव्हते. ज्याला वाचता येत नाही, त्याच्या हाती निबंध देऊन काय उपयोग? पण तो माणूस पाहू शकतो, ऐकू शकतो. म्हणून जोतीरावांनी पात्रे उभी केली. कुणबी कुणब्यासारखा बोलतो, जोशी जोशासारखा बोलतो. संवाद लिहिताना हीच गोष्ट सांभाळायची असते. तुम्ही भाजीवाली आणि गिऱ्हाईक यांचा संवाद लिहिता, तेव्हा भाजीवाली पुस्तकी भाषेत बोलू लागली तर ऐकणारा हसेल. हे नाटक जोतीरावांनी दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले होते. कमिटीने ते स्वीकारले नाही. जोतीरावांनी मात्र लिहिणे सोडले नाही.

१८६९ साली त्यांनी छत्रपती शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला. पोवाडा म्हणजे पराक्रमाचे गीत. शाहीर डफाच्या तालावर तो गातो आणि गावकरी भोवती बसून ऐकतात. आपला पोवाडा कुणबी, माळी, महार, मांग या लोकांसाठी आहे, म्हणून आपण लांबलचक संस्कृत शब्द टाळले आहेत, असे जोतीरावांनी त्याच्या प्रस्तावनेत सांगितले आहे. हे वाचून मला नेहमी नवल वाटते. आपण परीक्षेत अवघड शब्द शोधून शोधून घालतो, कारण त्यामुळे गुण मिळतील असे वाटते. जोतीरावांनी ते शब्द मुद्दाम बाजूला काढले, कारण ते ऐकणाऱ्याच्या वाटेत आले असते.

१८७३ साली त्यांचे गुलामगिरी हे पुस्तक प्रसिद्ध झाले. जातिभेदाच्या नावाखाली शूद्र आणि अतिशूद्र मानल्या गेलेल्या लोकांना शेकडो वर्षे कसे दडपून ठेवले गेले, हा त्याचा विषय आहे. विषय कठीण, वादाचा आणि लांबचा. तो सोपा करण्यासाठी जोतीरावांनी प्रश्नोत्तरांची रीत वापरली. धोंडिबा प्रश्न विचारतो आणि जोतीराव उत्तर देतात. उर्दूत आपण यालाच मुकालमा म्हणतो. वाचकाच्या मनात जी शंका येईल, ती धोंडिबाच्या तोंडून आधीच येते. त्यामुळे वाचकाला आपल्याला कोणी उपदेश करत आहे असे वाटत नाही. आपल्याच शंकेला उत्तर मिळाले असे वाटते. अमेरिकेतील ज्या सज्जनांनी काळ्या लोकांना गुलामीतून मुक्त करण्यासाठी धडपड केली, त्यांना हे पुस्तक अर्पण केलेले आहे. पुस्तकाला मराठी प्रस्तावना आहे, तशी इंग्रजीही आहे. इंग्रजी जाणणाऱ्या वाचकांपर्यंतही आपले म्हणणे पोहोचावे, हा त्यामागचा हेतू उघड आहे. याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी जोतीरावांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली.

पुस्तके लिहिणाऱ्या माणसाला छोटे लेखन कमी प्रतीचे वाटते, असे आपल्याला वाटेल. जोतीरावांचे तसे नव्हते. १८७६-७७ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. दुष्काळाने हाल झालेल्या मुलांसाठी सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे व्हिक्टोरिया बालाश्रम काढला. त्याला लोकांची मदत मिळावी म्हणून १८७७ साली जोतीरावांनी एक पत्रक प्रसिद्ध केले. भुकेल्या मुलाला दहा पानांचा लेख नको असतो, भाकरी हवी असते. म्हणून मदतीच्या पत्रकात काय घडले आहे, कोणाला मदत हवी आहे आणि ती कोठे पोहोचवायची आहे, एवढेच यायला हवे.

१८७६ ते १८८२ या काळात जोतीराव पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. शहरात दारूची दुकाने वाढत होती आणि त्यामुळे घरे उद्ध्वस्त होत होती. १८८० साली त्यांनी याविषयी नगरपालिकेच्या कार्यकारी समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. हे कार्यालयीन पत्र होते. पोवाडा लिहिणाऱ्या जोतीरावांनी त्यात गाणे घातले नाही. अर्ज किंवा कार्यालयीन पत्र वाचणारा अधिकारी कामात असतो. त्याच्यापुढे आणखी शंभर कागद असतात. तक्रार कोणती, तिचा परिणाम काय आणि आपली मागणी काय, हे त्याला पहिल्या वाचनातच कळले पाहिजे.

आता त्यांच्या सर्वांत महत्त्वाच्या निवेदनाविषयी सांगतो. १८८२ साली सरकारने हंटर साहेबांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. आयोगापुढे जोतीरावांनी आपले निवेदन इंग्रजीत सादर केले, कारण ते वाचणारे इंग्रज अधिकारी होते. निवेदन म्हणजे आपली दरख्वास्त. तिची मांडणी पाहण्यासारखी आहे. आरंभी त्यांनी स्वतःचा अनुभव सांगितला. आपण कोणत्या शाळा काढल्या आणि किती वर्षे हे काम पाहिले, हे आधी सांगितल्यामुळे पुढच्या बोलण्याला वजन आले. मग त्यांनी परिस्थिती मांडली. सरकारच्या तिजोरीत भर पडते ती शेतकऱ्यांच्या सारामुळे. पण शिक्षणाचा पैसा मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जास्त खर्च होतो, ही त्यांची तक्रार होती. शेवटी त्यांनी मागण्या केल्या. किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांना पगार बरा मिळावा, शेतकरी वर्गातूनही शिक्षक तयार व्हावेत आणि मुलांना वाचन, लेखन, हिशेब यांबरोबर शेती व आरोग्याचेही ज्ञान मिळावे, अशा त्या मागण्या होत्या.

अनुभव, परिस्थिती, मागणी. ही तीन पावले तुम्ही लक्षात ठेवा. शाळेत पिण्याच्या पाण्याची सोय व्हावी, असा अर्ज लिहितानाही ती तुम्हांला उपयोगी पडतील. जोतीराव ज्या सक्तीच्या शिक्षणासाठी १८८२ साली निवेदन करत होते, त्याचा हक्क आपल्या देशात ६ ते १४ वर्षांच्या मुलांना २००९ च्या कायद्याने मिळाला. तो कायदा २०१० साली अमलात आला. एका चांगल्या अर्जाला फळ यायला कधी कधी इतका काळ लागतो; पण तो कोणीतरी आधी लिहावा लागतो.

१८८३ साली जोतीरावांनी शेतकऱ्याचा असूड हे पुस्तक पूर्ण केले. असूड म्हणजे चाबूक. हे वैचारिक लेखन आहे. उर्दूत आपण ज्याला मजमून म्हणतो, त्याचेच हे मोठे रूप. शिक्षण नसल्यामुळे शेतकऱ्यावर एकामागून एक संकटे कशी ओढवली, ही कारणांची साखळी त्यांनी आरंभीच थोडक्या ओळींत मांडली आहे. पण हे पुस्तक केवळ विचारांवर उभे नाही. त्यात कलेक्टरच्या तंबूवरून निराश होऊन घरी परतणारा एक शेतकरी आहे. त्याचे कपडे, त्याचे घर, घरातील वस्तू यांचे वर्णन जोतीरावांनी बारकाईने केले आहे. शेतकरी गरीब आहे असे नुसते म्हटले, तर वाचक मान हलवून पुढे जातो. त्याचे घर दाखवले, तर वाचक तेथे थांबतो. वर्णनात्मक निबंधाचे सारे रहस्य यात आले. पावसाळा फार सुंदर असतो, असे लिहू नका. तुमच्या गल्लीत पहिल्या पावसाने काय झाले, ते लिहा.

या पुस्तकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. जोतीराव ते लिहीत असताना पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवत असत. आपले लेखन मोठ्याने वाचले, की कोठे अडखळते ते आपल्यालाच कळते. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनही कळते. पुस्तकाचा काही भाग दीनबंधु या पत्रात छापून आला, पण भाषा फार कडक असल्यामुळे पुढचा भाग तेथे आला नाही. जोतीरावांना याचे वाईट वाटले.

मित्रांनो, आता तुमच्या मनातल्या भीतीविषयी बोलू. विष्णुशास्त्री चिपळूणकर हे त्या काळचे नामवंत निबंधकार. त्यांनी आपल्या निबंधमालेत जोतीरावांच्या पुस्तकांवर कडक टीका केली. व्याकरणातल्या उणिवा दाखवल्या आणि भाषेची थट्टा केली. मराठी ही जोतीरावांची मातृभाषा होती, तरीही त्यांच्या मराठीला लोक हसले! मग तुमच्या माझ्या वेलांटीला कोणी हसले, तर त्यात नवल ते काय? जोतीरावांनी त्या हसण्याला घाबरून लेखणी खाली ठेवली नाही. शेतात आणि बाजारात बोलली जाणारी मराठी त्यांनी पुस्तकात आणली. तीच त्यांची ताकद होती.

याचा अर्थ व्याकरण सोडून द्यावे, असा मात्र घेऊ नका. शुद्धलेखन म्हणजे वाचणाऱ्याची वाट साफ करणे. वाटेत खडे असले तर तो ठेचाळतो. पण वाट कोठे जाते हेच ठरलेले नसेल, तर ती कितीही साफ केली तरी उपयोग नाही. म्हणून आधी काय सांगायचे ते ठरवा, मग लिहा, आणि शेवटी वेलांट्या तपासा. आपण उलट करतो. पहिल्याच शब्दाच्या वेलांटीपाशी अडून बसतो आणि सांगायचे ते राहून जाते.

१८८७ साली जोतीरावांनी आपले मृत्युपत्र केले. आपल्यामागे पत्नी सावित्रीबाई आणि दत्तक मुलगा यशवंत यांची व्यवस्था काय असावी, हे त्यात लिहिले. मृत्युपत्राला आपण वसीयत म्हणतो. त्यात अलंकार चालत नाहीत. एका वाक्याचे दोन अर्थ निघाले, तर घरात भांडण लागते. शब्दांचा असा नेमका वापर हीसुद्धा लेखनकलाच आहे.

११ मे १८८८ रोजी मुंबईत मोठी सभा झाली आणि लोकांनी जोतीरावांना महात्मा ही पदवी दिली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, जुलै महिन्यात, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. शरीराची उजवी बाजू लुळी पडली. ज्या हाताने नाटक, पोवाडा, निवेदन लिहिले, तो हात उचलेनासा झाला.

त्यांनी काय केले असेल? त्यांनी डाव्या हातात लेखणी घेतली. वयाच्या साठीनंतर, आजारपणात, डाव्या हाताने अक्षरे गिरवत त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक लिहून पूर्ण केले. एकाच कुटुंबात आई, वडील, मुलगा, मुलगी यांनी आपापल्या पसंतीचा वेगवेगळा धर्म पाळला, तरी सर्वांनी एकमेकांवर प्रेम करून एकत्र राहावे, असा विचार त्यांनी या पुस्तकात मांडला आहे. त्यांनी अखंड नावाच्या कविताही लिहिल्या. हजरत महंमद पैगंबरांचा गौरव करणारी मानव महंमद ही कविताही त्यांचीच. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात जोतीरावांचे निधन झाले. डाव्या हाताने लिहिलेले ते पुस्तक १८९१ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा ते पाहायला लेखक नव्हता.

१९६९ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने महात्मा फुले यांचे समग्र वाङ्मय प्रसिद्ध केले. नाटक, पोवाडा, संवाद, पत्रे आणि कविता असे एकाच माणसाचे किती प्रकारचे लेखन असू शकते, हे त्यावरून कळते. शाळेच्या ग्रंथालयात ते पुस्तक मिळाले, तर उघडून जरूर पाहा. सगळे समजले नाही तरी चालेल.

आणि पुढच्या वेळी मराठीच्या तासाला वही उघडाल, तेव्हा लगेच लिहू नका. आधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. हे कोण वाचणार आहे? वाचून झाल्यावर त्याने काय करावे, असे मला वाटते? मावशीने खूश व्हावे, मुख्याध्यापकांनी रजा द्यावी, गल्लीतल्या लोकांनी रक्तदानाला यावे, मित्राला सहलीची गंमत कळावी. उत्तर मिळाले, की पत्र, अर्ज, पत्रक आणि निबंध आपोआप वेगळे होतील. लिहून झाले, की शेजारच्या मित्राला मोठ्याने वाचून दाखवा आणि मग चुका दुरुस्त करा.

माळ्याचा मुलगा म्हणून ज्याची पाटी काढून घेतली होती, त्याने उजवा हात गेल्यावरही लिहिणे थांबवले नाही. तुमचे तर दोन्ही हात शाबूत आहेत. वही उघडा आणि पहिले वाक्य लिहा.